बजेटमधलं होम थिएटर: एका खोलीची पूर्ण केस

खोली साडेचार मीटर लांब, ३.३ मीटर रुंद, छत पावणेतीन मीटरवर. टीव्ही ५५ इंची, आधीपासूनच आहे आणि बदलायचा नाहीये. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, आणि सोफ्याच्या डाव्या बाजूला काकांची स्वतंत्र खुर्ची, टीव्हीच्या मध्यापासून मोजलं तर जवळपास २५ अंश बाहेर. घरात माझा चुलतभाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांचा गेमिंगवाला मुलगा आणि काका, वय सत्तरच्या पुढे. तक्रार एकच पण ती सगळ्यांची: सिनेमात माणसं काय बोलतात तेच कळत नाही, म्हणून आवाज वाढवायचा, आणि लगेच पुढच्या सीनला गाड्या उडतात की परत रिमोटसाठी पळापळ. दादाने ठरवलं की आता नीट होम थिएटरच घ्यायचं, एक रक्कम बाजूला काढली, यादी केली आणि मला पाठवली, "एकदा नजर टाक" म्हणून.

ती यादी काय होती, का बदलली, शेवटी काय घेतलं आणि कसं लावलं ते सगळं इथे लिहितोय, कारण याच टप्प्यावर अडकलेले खूप जण भेटतात आणि बहुतेकांचे पैसे एकाच ठिकाणी जास्त जातात, रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज आणि ताकद वाटून देणाऱ्या डब्यात. रकमेचे आकडे देत नाही, त्याचा दुसऱ्याला उपयोग नसतो. एकूण बजेट १०० धरा आणि वाटणी बघा.

दादाची पहिली वाटणी अशी होती: ९ चॅनलचा (म्हणजे नऊ स्पीकर चालवणारा) रिसीव्हर ५५, पाच चिमुकले सॅटेलाइट स्पीकर आणि दोन छतातले मिळून २५, ८ इंची सबवूफर (फक्त खोल बेसचा स्पीकर, पुढे नुसतं सब) ८, आणि उरलेले १२ महागड्या एचडीएमआय आणि स्पीकर केबलला. म्हणजे ज्या गोष्टीतून प्रत्यक्ष आवाज बाहेर पडणार त्या सगळ्या मिळून ३३, आणि डबा एकटा ५५. त्याचं कारण विचारलं तर म्हणाला की रिसीव्हर हा मेंदू आहे ना, तो चांगला हवा, स्पीकर नंतर बदलता येतात. हे वाक्य मी खूप जणांकडून ऐकलंय आणि ते बरोबर उलटं आहे. रिसीव्हर हीच या साखळीतली सगळ्यात लवकर जुनी होणारी वस्तू, कारण एचडीएमआयच्या आवृत्त्या बदलतात, कॉपी प्रोटेक्शन बदलतं, टीव्ही नवीन येतो आणि जुन्या रिसीव्हरमधून चित्र पुढे जाईना होतं. स्पीकर मात्र वीस वर्षांपूर्वीचा चांगला असेल तर आजही चांगलाच वाजतो. पूर्वी घेतलेला स्पीकर नव्या रिसीव्हरला दोन वायरींनी जोडला की काम झालं, त्याला कुठलंही अपडेट लागत नाही.

आधी वॅटचा विषय संपवू, कारण दादा त्यावरच अडून बसला होता. त्याच्या यादीतल्या रिसीव्हरच्या खोक्यावर मोठ्ठं १५० वॅट लिहिलेलं. मी मॅन्युअलचं शेवटचं पान उघडायला लावलं. तिथे बारीक अक्षरात दोन ओळी: १५० वॅट म्हणजे ६ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे त्याचा विद्युत विरोध), फक्त १ किलोहर्ट्झच्या एका सुरावर, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) सोसून, एकच चॅनल वाजत असताना. आणि खालच्या ओळीत ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा, दोन चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत, तेव्हा साधारण निम्मे वॅट. पाचही चॅनल एकदम पिळले तर तो आकडा अजून खाली येतो कारण आतला ट्रान्सफॉर्मर एकच असतो. दोन रिसीव्हरची तुलना करायची तर दुसऱ्या प्रकारची ओळ दुसऱ्याशी लावायची, खोक्यावरच्या आकड्यांची आपसात तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ७५ का १५० हा प्रश्न ऐकताना जेवढा मोठा वाटतो तेवढा नाहीच. उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर (८ ओहमला तो बरोबर १ वॅट होतो) एक मीटरवर किती डेसिबल येतात तो आकडा. ८६ च्या ऐवजी ९० चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला अडीचपट कमी वॅट लागतात. इथे एक सावधगिरी आहे, ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे त्याचा आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो आणि वर स्वस्त रिसीव्हरला तो ओढायला जड पण जातो.

या खोलीचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. बसायची जागा तीन मीटरच्या जरा पुढे. ८६ डेसिबलचा स्पीकर मोकळ्या मैदानात तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल गमावतो, बंद खोलीत भिंती थोडं परत देतात, म्हणून १ वॅटला सोफ्यावर ७९ धरा. घरात लोक सिनेमा बघतात तेव्हा सगळ्यात जोरदार धक्का ९० डेसिबलच्या आसपास आला तरी पुरतो. त्याला लागतात १३ वॅट. ९५ हवे असतील तर ४० वॅट. थिएटरची रेफरन्स पातळी म्हणजे प्रत्येक मुख्य चॅनलला १०५ डेसिबलचं शिखर, ती गाठायची तर तब्बल ४०० वॅट, आणि तेवढे ना दादाचा महागडा रिसीव्हर देणार होता ना तसा फळीवर बसणारा बुकशेल्फ स्पीकर सोसणार होता. म्हणजे स्वस्तातला प्रामाणिक ७० वॅटचा रिसीव्हर या घराला भरपूर झाला, शिवाय बेसचं ओझं सबवूफर उचलतो तेव्हा रिसीव्हर अजून हलका होतो कारण ताकद खाणारा भाग तोच असतो. हा कागद बघितल्यावर दादा पहिल्यांदा रिसीव्हर कमी करायला तयार झाला. त्याआधी मी नुसतं सांगत होतो तेव्हा त्याला पटत नव्हतं.

आता सॅटेलाइट. दिसायला गोड, भिंतीवर कुठेही बसतात, वहिनीला ते आवडलेही होते आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, खोलीत रोज तीच वावरते. पण त्यात अडचण अशी की तीन इंची ड्रायव्हर साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खाली दम सोडतो, मग क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबमध्ये सूर वाटायची सीमा, तेवढा वर न्यावा लागतो आणि त्याखालचं सगळं सबवूफरकडे जातं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे माणसाच्या आवाजाचा गाभा कोपऱ्यातल्या सबमधून आणि वरचा भाग टीव्हीखालच्या डबीतून, आणि सब एवढा वर वाजला की तो कुठे ठेवलाय हे कानाला लगेच कळतं. ज्या घराची मुख्य तक्रारच संवाद आहे त्या घरात आवाजाचे दोन तुकडे करणारी गोष्ट घेणं म्हणजे रोगच विकत आणणं. ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला सब कुठे आहे ते सहसा समजत नाही, आणि ८० पर्यंत आरामात उतरायला पाच-साडेपाच इंची वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर) असलेला बुकशेल्फ लागतोच. वहिनीला हे मी मोबाईलवर ऐकवून दाखवलं, बातम्या देणाऱ्या माणसाचा आवाज इक्वलायझरमध्ये २०० च्या खाली कापून आणि मग परत जोडून. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली ठीक आहे, पण रंग पांढरा हवा. पांढरे मिळाले.

सेंटर स्पीकर हा या केसचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्यावर जरा थांबतो. सिनेमाच्या मिक्समध्ये बहुतेक संवाद सेंटर चॅनलला असतात. सेंटर नसेल तर रिसीव्हर तो आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटतो आणि बरोबर मध्ये बसणाऱ्याला तो टीव्हीतून आल्यासारखा वाटतो, पण काकांच्या खुर्चीत बसलं की सगळा आवाज डाव्या स्पीकरला जाऊन चिकटतो. म्हणजे सेंटर हवाच. पण बाजारात मिळणारे बहुतेक सेंटर आडवे असतात, मध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा ड्रायव्हर) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर. ते टीव्हीखाली बसावेत म्हणून तसे केलेले असतात, आवाजासाठी नाही. समोर बसलं तर छान, पण बाजूला सरकलं की दोन वूफरचा आवाज कानाला वेगवेगळ्या वेळी पोचतो, एकमेकाला कापतो, आणि मधल्या सुरांत खड्डा पडतो, बरोबर तिथे जिथे बोलणं असतं. २५ अंशाला तो खड्डा चांगलाच जाणवू शकतो. आणि २५ अंशाला बसतात कोण, तर काका. ज्यांना सगळ्यात कमी ऐकू येतं त्यांच्याच खुर्चीत सगळ्यात वाईट संवाद.

वयाबरोबर आधी वरच्या फ्रीक्वेन्सी जातात, आणि स, श, फ, थ असली व्यंजनं तिथेच असतात. स्वर जोरात ऐकू येतात पण शब्द ओळखता येत नाही, म्हणून म्हातारी माणसं "ऐकू येतंय पण समजत नाही" म्हणतात ते अगदी शब्दशः खरं असतं. नुसता आवाज वाढवून त्यांचा प्रश्न सुटत नाही. काकांनी मला सांगितलं, "अरे, मी हल्ली तुमच्याबरोबर बसतो ते फक्त चित्रं बघायला." ते ऐकल्यावर माझ्या दृष्टीने बाकी सगळे पर्याय मागे पडले, ही खुर्ची सुधारली पाहिजे.

उपाय दोन होते. एक म्हणजे थ्री-वे सेंटर, ज्यात ट्वीटरच्या खाली उभा एक मिडरेंज (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) असतो आणि वूफर फक्त खालचं काम करतात, तो बाजूला पण नीट ऐकू येतो पण बजेटच्या बाहेर होता. दुसरा म्हणजे समोरच्या दोन स्पीकरसारखाच तिसरा बुकशेल्फ, उभा, टीव्हीखाली. यात तिन्ही समोरचे आवाज एकाच जातीचे होतात, गाडी डावीकडून उजवीकडे गेली तरी तिचा आवाज मध्येच बदलत नाही. अडचण उंचीची, स्पीकर ३० सेंटिमीटर उंच आणि टीव्हीखाली जागा २० ची. टीव्ही पायांवर उभा होता तो भिंतीवर थोडा वर घेतला, एक वॉल माउंट एवढाच खर्च. अजून एक अडचण अशी असते की बऱ्याच कंपन्या बुकशेल्फ जोडीनेच विकतात, आमच्या निवडीत सुटा नग मिळत होता म्हणून जमलं, नसता मिळाला तर दोन जोड्या घेऊन एक नग पडून राहिला असता आणि मग हिशोब वेगळा झाला असता. हे आधी विचारून घ्या.

कुठला बुकशेल्फ, हे ठरवताना आम्ही मोजमापांवर भर दिला. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, आणि ब्रँड-किंमत दिसत नसेल तर बहुसंख्य लोक एकाच प्रकारचा स्पीकर पसंत करतात हे दाखवलं: समोरून सपाट आणि बाजूला गेल्यावर सुद्धा एकसारखा हळूहळू उतरणारा. त्याच कामातून पुढे सीटीए-२०३४ हे मोजमापाचं स्टँडर्ड आलं, लोक त्या आलेखाला स्पिनोरामा म्हणतात. आज स्वस्त स्पीकरांचे सुद्धा असे आलेख सहज बघायला मिळतात आणि त्यात अनेकदा साधा दिसणारा स्पीकर तिप्पट महागाला मागे टाकतो. बाजूचा आलेख काकांच्या खुर्चीसाठी, समोरचा सोफ्यासाठी, एवढं डोक्यात ठेवून तीन मॉडेलपैकी एक निवडलं. दादाला कोणीतरी जुने टॉवर (जमिनीवर उभे राहणारे) स्पीकर देऊ करत होतं, ४ ओहमचे. ते नको म्हटलं, कारण ८० हर्ट्झला क्रॉस केल्यावर टॉवरचा जादाचा बेस वापरलाच जात नाही, आणि जागा अडते ती वेगळीच.

मध्येच साउंडबारचा पण विचार झाला, वहिनीने काढला, आणि तो रास्त होता. वायर नको, डबा नको, एक पट्टी आणि एक सब. ज्यांच्याकडे स्पीकर ठेवायला जागाच नाही त्यांनी वेगळा सेंटर चॅनल असलेला साउंडबार घ्यावा, काही वाईट नाही. इथे जागा होती, आणि बारचा एक भाग बिघडला की बऱ्याचदा पूर्ण संच बाजूला पडतो, हळूहळू वाढवताही येत नाही, म्हणून सोडला.

मग रिसीव्हर. आता त्याच्या वाट्याला २८ उरले होते आणि गरजा स्पष्ट होत्या. टीव्हीला फक्त साधा एआरसी आहे (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे परत आणणारी सोय), त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसी नाही. एआरसीवरून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस हे दाबून लहान केलेले आवाजाचे प्रकार येतात, काहीही न गमावणारं ट्रूएचडी येत नाही, त्याला ईएआरसीची रुंद वाट लागते किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो. पण या घरात सगळं स्ट्रीमिंग, आणि स्ट्रीमिंगवाले डॉल्बी डिजिटल प्लसच देतात, अगदी त्यांचा ॲटमॉस (वरून येणारा आवाजही असलेला प्रकार) सुद्धा त्यातच भरलेला असतो आणि ५.१ वर (पाच स्पीकर, एक सब) तो आपोआप ५.१ म्हणून वाजतो. मुलाचा कन्सोल ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने देतो, तेवढं पुढे पाठवणारा रिसीव्हर महाग पडत होता, म्हणून कन्सोल थेट टीव्हीला आणि आवाज एआरसीने परत खाली. इतकं सोपं असताना त्यासाठी महाग मॉडेल घ्यायची गरजच राहिली नाही.

राहिला प्रश्न नवीन ५ चॅनलचा घ्यायचा की मागच्या पिढीचा, शिल्लक राहिलेला, वॉरंटीसकट ७ चॅनलचा. किंमत जवळपास सारखी. मी दुसरा सुचवला पण चॅनलसाठी नाही, रूम करेक्शनसाठी, म्हणजे मायक्रोफोनने खोली मोजून आवाज सुधारणाऱ्या सोयीसाठी. डेनॉनमध्ये ऑडिसी असतं, यामाहात वायपीएओ, ओंक्योच्या नव्या मॉडेलांत डिरॅक, पण नाव तेच असलं तरी पायऱ्या असतात, ऑडिसीतच मल्टईक्यू, एक्सटी, एक्सटी३२, आणि पायरी वर जाते तसे फिल्टर बारीक होतात. मागच्या पिढीच्या वरच्या मॉडेलमध्ये एक पायरी वरचं करेक्शन मिळत होतं. खोलीचा बेस कसा वागतो हे ज्याने ऐकलंय त्याला दोन जादा एचडीएमआयपेक्षा हे जास्त मोलाचं वाटेल. घेण्याआधी दुकानातच प्रत्येक एचडीएमआय इनपुट चालवून बघितला, कारण जुन्या साठ्यात किंवा वापरलेल्या रिसीव्हरमध्ये आधी तोच बोर्ड जातो असं पुष्कळदा दिसतं. मागे दोन सब आउटपुट दिसले म्हणून दादा खूश झाला, त्याला सांगितलं की या वर्गातल्या रिसीव्हरमध्ये बहुतेक वेळा दोन्हींतून एकच सिग्नल निघतो, एकाचे दोन करणाऱ्या वाय केबलने पण तेच होतं, त्याचे वेगळे पैसे मोजू नको.

सबवूफरला २६. ८ इंचीवरून थेट १२ इंची, कारण कोनचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि खालच्या सुरांत हवा ढकलण्याला पर्याय नाही. सिनेमातला एलएफई चॅनल (फक्त खोल धमाक्यांचा, ५.१ मधला .१) मुख्य चॅनलपेक्षा १० डेसिबल जास्त जोरात वाजेल असाच धरलेला असतो, तिथे ८ इंची बिचारा धापा टाकतो. पोर्टेड (डब्याला हवेचं भोक असलेला) घेतला, सीलबंद नाही: त्याच पैशात पोर्टच्या ट्यूनिंगच्या (ते भोक ज्या सुराला जुळवलेलं असतं त्याच्या) आसपास पोर्टेड जास्त जोर देतो, ट्यूनिंगच्या खाली मात्र झपकन उतरतो, सिनेमासाठी हा सौदा परवडतो. समोरच्या तीन स्पीकरांना ३७ गेले, वॉल माउंट, स्टँड आणि वायरला ६, आणि ३ शिल्लक ठेवले. वायर साधी तांब्याची दीड चौरस मिलीमीटरची. अगदी १२ मीटर लांब नेली तरी जाऊन-येऊन तिचा विरोध पाव ओहमच्या आसपास राहतो, ८ ओहमपुढे काहीच नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम गळ्यात पडत नाही ना ते बघायचं, कापलेल्या टोकाला आत पांढरं दिसलं की समजा. महागडी एचडीएमआय रद्द, डिजिटल सिग्नल एकतर पूर्ण पोचतो नाहीतर चित्र-आवाज तुटतो, मध्ये "जास्त गोड" असं काही नसतं.

म्हणजे सुरुवात ३.१ ने (समोरचे तीन आणि सब), मागचे दोन नंतर. यावर मुलगा नाराज होता, त्याला गेममध्ये मागून पावलं ऐकायची होती. पण एकाच वेळी पाच स्पीकर घ्यायचे तर पाचही हलके घ्यावे लागले असते आणि संवादाचं मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

आता लावणं, आणि माझ्या मते निम्मा निकाल इथे लागतो. सोफा भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे ओढला, कान मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर आले, त्याने भिंतीवरून लगेच परतणारा आवाज थोडा मागे पडला आणि बोलणं सुटं झालं. डावा-उजवा मध्यापासून सव्वा मीटरवर, म्हणजे २२ अंशाच्या आसपास. पुस्तकी कोन ३० चा, पण खोलीची रुंदी तेवढं देत नाही आणि २२ ते ३० मध्ये काहीही चालतं. सेंटर कपाटाच्या फळीवर अगदी पुढच्या कडेपर्यंत आणला, कारण आत ढकलला की खालच्या फळीवरून आवाज परावर्तित होऊन घुमतो, आणि पुढच्या बाजूखाली रबरी पाचर लावून तोंड कानाकडे वर केलं.

सब आधी दादाने समोरच्या कोपऱ्यात ठेवला होता, जागा तिथेच होती म्हणून. वाजवल्यावर एकच सूर घुमायला लागला, प्रत्येक स्फोट सारखाच, भूंऽऽ. साडेचार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला मोड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर, साधारण ३८ हर्ट्झला येतो (३४३ भागिले लांबीची दुप्पट), कोपऱ्यातला सब तो पूर्ण जोराने उठवतो आणि मागच्या भिंतीजवळ बसणाऱ्याला तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. सोफा ४० सेंटिमीटर सरकवल्याने इतक्या लांब लहरीला फारसा फरक पडत नाही. मग सब उचलून सोफ्यावर, डोकं असतं त्या जागी ठेवला, एका गाण्याची चढ-उतार असलेली बेस गिटारची ओळ लूपवर लावली आणि दादा गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरला. कोपऱ्यात भूं, दाराजवळ बेस जवळपास गायब, आणि लांब भिंतीच्या मध्याच्या जरा अलीकडे आला तेव्हा थांबला आणि म्हणाला, "इथे प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतोय." हे बरोबरच आहे, लांबीच्या पहिल्या मोडचा दाब खोलीच्या मध्यावर शून्याकडे जातो, तिथे ठेवलेला सब त्या मोडला उठवतच नाही. मग सब त्या जागी ठेवला. लूप परत लावला आणि सोफ्यावर बसून ऐकलं, घुमणं गेलं होतं. वहिनीला सब खोलीच्या मध्येच नको होता, म्हणून एका छोट्या टेबलाखाली सरकवला, मागे हात जाईल एवढी जागा ठेवून. चालला.

करेक्शन चालवताना पंखा बंद, मायक्रोफोन स्टँडवर कानाच्या उंचीला, आणि मोजायच्या जागांमध्ये काकांची खुर्ची मुद्दाम घेतली. नंतर मेनूत जाऊन तीन गोष्टी तपासल्या. रिसीव्हरने समोरचे स्पीकर "लार्ज" (पूर्ण बेस स्वतः वाजवणारे) धरले होते, ते "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८०. सबचं अंतर त्याने टेपच्या मापापेक्षा १.७ मीटर जास्त दाखवलं, दादा लगेच दुरुस्त करायला निघाला, त्याला थांबवलं: सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे पाचेक मिलिसेकंद उशीर होतो, रिसीव्हर तो उशीर अंतरात मोजून दाखवतो, तो आकडा तसाच ठेवायचा. आणि सबच्या मागचा लो-पास (वरचे सूर कापणारा) नॉब पूर्ण वर, नाहीतर रिसीव्हर आणि सब दोघेही कापत बसतात.

एवढं करून पण दुसऱ्या दिवशी दादाचा फोन, संवाद अजून दबलेलेच, सेंटरमधून काहीच येत नाही, स्पीकर खराब आहे का. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहिलंय विचारलं तर पीसीएम. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर होतं, म्हणजे टीव्ही ५.१ चं स्वतःच स्टीरिओ करून खाली पाठवत होता आणि रिसीव्हर बिचारा दोनच चॅनल वाजवत होता. ते बदलून बिटस्ट्रीम (मूळ आवाज न उलगडता तसाच पुढे) केलं, डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल प्लस आलं आणि सेंटर बोलायला लागला. एवढ्या एका सेटिंगमुळे किती घरांत पाच स्पीकर असून स्टीरिओ ऐकलं जात असेल कोण जाणे, जरूर तपासा.

त्यानंतर सेंटर २ डेसिबल वर घेतला आणि रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करणारी सेटिंग रिमोटच्या एका बटणावर ठेवली, स्फोट खाली येतात, कुजबूज वर येते. काका आता त्यांच्याच खुर्चीत बसून संवाद पकडतात, सगळे नाहीत, काही सिनेमांचं मिक्सच असं असतं की कुजबुजलेलं वाक्य कोणालाच कळत नाही, पण परवा मध्येच त्यांनी मुलाला एक वाक्य समजावून सांगितलं, हे दादाने मला खास फोन करून कळवलं. मास्टर व्हॉल्यूम आधीच्या सवयीपेक्षा खाली असतो आता.

मागच्या स्पीकरांची वायर मात्र आत्ताच पट्टीखालून टाकून ठेवलीये, टोकांना टेप लावून. ५.१ मध्ये सराउंडची जागा ११० ते १२० अंश, म्हणजे कानाच्या किंचित मागे, कानापेक्षा थोडं वर. ११० अंशाला बाजूच्या भिंतीवर कानामागे साधारण ६० सेंटिमीटर जागा लागते आणि सोफा पुढे आल्यामुळे ती आता मिळते. तिथे त्याच सीरिजमधला सगळ्यात छोटा स्पीकर चालेल, सराउंडला तेवढी ताकद लागत नाही, आणि जागेवर पेन्सिलने खूण करून ठेवलीये. शिल्लक ३ मध्ये मुलाने स्वतःची बचत घालायला सुरुवात केलीये.